मुकुटाखालचा हातोडा
थडग्याच्या शिळेवर मी डावीकडे मेलेल्या लोहाराचे नाव कोरले आणि उजवीकडे, आमच्या स्कॉटलंडच्या रीतीप्रमाणे, त्याच्या हयात पत्नीचे माहेरचे नाव: ग्रिझेल मच. कवटी आणि वाळूचे घड्याळ ही मरणाची चिन्हे कोरून झाली; उरले लोहारांचे मानचिन्ह, मुकुटाखालचा हातोडा. “तो माझ्या नावाखाली,” ग्रिझेल म्हणाली. “सहा वर्षं हा पिऊन पडलेला, भट्टी मी चालवली.” शिळा पाहायला आलेले लोहारसंघाचे पंच फिसकन हसले. “बाईच्या नावाखाली हातोडा? तुला चरखा पुरे.” “पंच, तुमच्या घोडीला नाल कुणी ठोकले हो? हा तर भट्टीमागे ओकत होता.” पंचांनी माझ्यावर बोट रोखले. “कोरलास, तर संघातला एकही लोहार तुझ्या छिन्न्यांना धार लावणार नाही.” दर शनिवारी ती धार ग्रिझेलच लावते, एवढेही गृहस्थांना ठाऊक नव्हते. तिच्या नावाखाली छिन्नी टेकवून मी म्हणालो, “पंच, बूट आवरा. कपच्या उडतील.”