फेणीची डायकिरी

स्पर्धेचा नियम सोपा होता. जगभर नाव झालेलं एखादं जुनं कॉकटेल घ्यायचं आणि ते गोव्याच्या दारूत करून दाखवायचं. सुमंगलाच्या आधी पाच जण येऊन गेले. कुणी धूर सोडला, कुणी ग्लासावर फुलं रचली. मोप्याच्या विमानतळाजवळच्या या हॉटेलात सुमंगला दोन वर्षं बारमागे ग्लास पुसत होती. तिच्या टेबलावर काजूची फेणी, लिंबं आणि साखरेचा पाक, एवढंच होतं. जिंकणाऱ्याला हॉटेलच्या बारचा काउंटर सांभाळायला मिळणार होता.

शेवटच्या रांगेत तिचे वडील जयराम बसले होते. मुलगी हॉटेलच्या ऑफिसात आहे, असं त्यांनी गावी, सर्वणात, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आजही तिने तीनदा विनवल्यावर ते आले आणि दाराजवळची खुर्ची धरून बसले.

सुमंगलाने दोन मापं फेणी, एक माप लिंबाचा रस आणि त्याहून जरा कमी पाक शेकरमध्ये ओतला. बर्फ भरला. बोटं बधिर होईपर्यंत हलवलं, मग गाळून ग्लास पुढे केला.

परीक्षक विनोदिनी कामतांनी तो उजेडात धरला. ही तर डायकिरी, क्यूबातली, रमची. यात तुझं काय, असं त्यांनी विचारलं.

पाठ केलेलं इंग्रजी सुमंगलाला आठवेना. ती मराठीतच बोलली.

"मॅडम, डायकिरी हे गावाचं नाव. तिथे लोखंडाची खाण होती. खाणीवरच्या माणसांनी हाताशी होतं त्यातून हे केलं, असं सांगतात. माझे बाबा डिचोलीच्या अशाच खाणीवर बावीस वर्षं ट्रक चालवायचे. खाण बंद पडली. आमच्या हाताशी फेणी होती, परसात लिंबं होती."



आधीच्या पाचही ग्लासांतून विनोदिनीबाईंनी एकेक घोटच घेतला होता. हा ग्लास त्यांनी रिकामा करून खाली ठेवला.

सुमंगलाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या थांबायच्या आत पाहुण्यांनी तेच पेय मागायला सुरुवात केली. चाळीस माणसं आणि ती एकटी. ती भराभर लिंबं कापू लागली.

जयराम उठले. भरल्या सभागृहातून चालत ते टेबलामागे आले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"कितलीं जाय?"

"चाळीस."

ते लिंबं पिळायला लागले. फोटोग्राफरला विजेतीचा एकटीचा फोटो हवा होता. त्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. जयराम दोन पावलं सरकले. सुमंगलाने ओल्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"ते हांगाच रावतले. इथेच," ती फोटोग्राफरला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत ती हसते आहे. शेजारी जयराम ताठ उभे आहेत, दोन्ही हातांत अर्धं अर्धं लिंबू धरून.