परत गेलेले फिल्टर

"ठेवायची जबरदस्ती नाय मावशी," मंजुषा म्हणाली. "महिन्याच्या आत परत केलं तर कंपनी सगळे पैसे देते. त्यात लाजायचं काय?"

गारखेड्याच्या वच्छलाबाईंनी ओट्यावरच्या नव्याकोऱ्या फिल्टरकडे पाहिलं. "यंत्र चांगलंय गं. पण आमच्या नळाला आठवड्यानं पाणी. गाळायला आधी पाणी तर पाहिजे. अमृताला वाईट वाटंल म्हणून गप बसले."

"जाऊबाईंना काय वाटत नाय. पण मी आले होते, हे तेवढं सांगू नका."

वच्छलाबाईंनी तिला पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. मंजुषानं तो न खाता मुठीतच ठेवला.

अमृता तिची थोरली जाऊ. दोघी मिळून एकाच कंपनीचे फिल्टर घरोघर विकायच्या. म्हणजे अमृता विकायची आणि मंजुषा नुसती सोबत फिरायची. कुणी दार उघडलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. कंपनीचं ॲपही ती उघडत नसे. आपल्या नावापुढचं शून्य कोण रोज बघणार? अमृताचा फोन मात्र ऑर्डर टाकताना हमखास अडकायचा. मग ती मंजुषाच्या मोबाइलवर ओटीपी मागवायची आणि मंजुषा मुकाट्यानं आकडे सांगायची.

ज्या बाईचं कमिशन सगळ्यात जास्त, तिचा दर महिन्याला सासूसकट सत्कार व्हायचा. सारजाबाई पैठणी नेसून थोरल्या सुनेबरोबर दोनदा स्टेजवर जाऊन आल्या होत्या. दुसऱ्यांदा परत आल्या तेव्हा मुकुंदवाडीची निम्मी गल्ली दारात जमली होती. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "एक सून नशिबानं मिळाली, दुसरी रेशनच्या रांगेत उभं राहून." बाया हसल्या. मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तिसऱ्या सत्कारानंतर पुन्हा तसलं काही ऐकायचं नव्हतं. माल परत आला की त्याचं कमिशन कापलं जातं, एवढं तिला ठाऊक होतं. वच्छलाबाईंकडून निघून ती शेजारच्या मुक्ताबाईंकडे गेली. तिथंही तेच बोलली, आणि कधी नव्हे ते सफाईनं बोलली. जिना उतरताना तिला स्वतःची किळस आली. तरी ती मागे फिरली नाही.

महिनाअखेरीला अमृता कंपनीच्या ऑफिसातून आली ती थेट स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे लाल होते.

"गारखेड्याचे दोन्ही फिल्टर परत आले," ती म्हणाली. "कमिशन कापलं. सत्काराचा मान दुसऱ्या बाईला गेला."

मंजुषानं हातातली पळी खाली ठेवली. जे व्हावं म्हणून ती धडपडली होती तेच झालं होतं, पण जावेकडे बघायची हिंमत होईना. आता सांगून टाकावं, दोन थोबाडीत खाव्यात आणि मोकळं व्हावं, असं तिला वाटलं.

"ताई, माझं ऐका..."

"आधी तू मला माफ कर." अमृतानं तिचा हात धरला. "तुला न विचारता केलं मी. सासूबाई गल्लीत तसं बोलल्या ते मला लई लागलं. या खेपेला त्यांनी तुझ्यासंगं स्टेजवर जावं म्हणून महिनाभर माझी एकूण एक ऑर्डर मी तुझ्या नावावर टाकत होते गं."