स्टिअरिंगवरच्या खुणा

मिस्त्री सहा वर्षांचा असताना त्याचे वडील पुरात गाडीसकट वाहून गेले. ना माणूस सापडला, ना गाडी. आई वाट बघत झुरून मेली. चाळीस वर्षांनी मिस्त्रीने तशीच जुनी विलायती लँडरोव्हर शोधून काढली. विकणारा तिशीतला तरुण म्हणाला, “आमच्या बाबांची. मागच्या महिन्यात गेले. पोटच्या पोरासारखी जपली त्यांनी.” मिस्त्रीने सवयीने पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं, कुठेच चिकटलं नाही, म्हणजे कंपनीचा मूळ ॲल्युमिनियमचा पत्रा बदललेला नव्हता. घासाघीस न करता “घेतली” म्हणत तो आत बसला. स्टिअरिंग चाचपताना त्याची बोटं थबकली. खालच्या कडेला इवल्या दातांच्या खुणा होत्या. वडिलांच्या मांडीवर बसून तिथेच चावल्याबद्दल खाल्लेली थप्पड तो विसरला नव्हता. “या खुणा कसल्या?” त्याने कसंबसं विचारलं. तरुण हसला, हुबेहूब मिस्त्रीच्या वडिलांसारखा. “त्या होय? बाबा म्हणायचे, आधीच्या मालकाचं कुत्रं चावरं होतं.”