पाहुण्याचा वाटा

“नाव घेऊ नको, बानू. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्यालाच बोलवायलेत. पाहुणा म्हण.”

आईचा तो आवाज कधीचा मातीत गेलेला. तोच आज कानाशी आला आणि बानूबाईचा हात भाकरीच्या पिठातच थांबला. मेंढरांवर जगणाऱ्या तिच्या घरात ज्याचं नाव कुणी तोंडातून काढत नव्हतं, तो समोर कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेला उभा होता. राखट अंग, पोट पाठीला लागलेलं.

लहान असताना तिनं विचारलं होतं, “पाहुणाच का म्हणायचं, आई?”

“वार सांगून येतो का त्यो? न्हाई. उपाशी येतो का? येतो. मग पाहुणाच की! अन् पाहुणा म्हटलं की त्यालाबी लाज राहती. आपला वाटा उचलतो, घर मोडीत न्हाई. पण मग आपणबी त्याच्यावर काठी उगारायची न्हाई.”

नवरा रायभान आणि लेक सुरज मेंढरं घेऊन ताडकळसच्या अंगाला गेले होते. कुत्रीही त्यांच्याच मागं. सून रेणुका हापशावर. जिंतूरची पोरगी, पाहुण्याची गोष्ट ऐकून घागर उचलता उचलता थट्टा करून गेली होती, “आत्या, आमच्याकडं पाहुण्याला आधी चहा पाजतेत.”

“ह्यो चहावर भागणारा न्हाई, बाई,” बानूबाईही हसली होती.

आता दुपारच्या उन्हात तळावर ती एकटी होती. दोराच्या जाळीत कोकरं होती, आणि बाभळीला टांगलेल्या झोळीत रेणुकाची तान्ही लेक. झोळी अजून हलत होती.

बानूबाई ओठातल्या ओठात म्हणू लागली,

“ये रं पाहुण्या, बस वाटंवर,
वाटा तुझा ने, सोड माझं घर.”

तो बसला नाही. दोन पावलं पुढं आला.

तिनं जाळी उचलली. एका पायानं अधू असलेलं कोकरू, तिच्याच हातनं बाटलीवर वाढलेलं, तिनं बाहेर लोटलं. “घे बाबा. घे तुझा वाटा.” कोकरू ओरडत तिच्याच लुगड्याकडं परत आलं. पाहुण्यानं कोकराकडं मान वळवली नाही. त्याची नजर बाभळीवर होती.

झोळीतून पोरगी रडली.

त्याचे कान उभे राहिले.

बानूबाईच्या पायाशी काठी पडली होती. तिनं ती उचलली खरी, पण हात खांद्याच्या वर जाईना. आईनं मनगट धरून ठेवावं तसा. पाहुणा बाभळीच्या सावलीत आला. झोळीखाली थांबला. मान वर करून त्यानं वास घेतला.

मग काय झालं, ते बानूबाईलाही नीट कळलं नाही. घशातून नुसता आवाज फुटला, त्याला ना शब्द ना सूर. काठी त्याच्या पाठीत बसली, पुन्हा बसली, मधोमध मोडली. तो कळवळला आणि पऱ्हाटीत घुसला. वाळल्या बोंडांचा खडखड आवाज लांब लांब गेला आणि मध्येच थांबला. तिथंच कुठंतरी तो बसला होता.

रेणुका पळत आली. घागर कुठं टाकली, तिचं तिला ठाऊक नव्हतं. पोरीला छातीशी घट्ट धरून बसलेल्या सासूपुढं ती मटकन बसली.

“आत्या... पाहुणा आलता का?”

नाव घेतलं की तो येतो. उद्या येईल, परवाही येईल. बानूबाईनं लेकरू रेणुकाच्या पदरात दिलं. मोडक्या काठीचा तुकडा हातात घेऊन ती उठली, पऱ्हाटीकडं तोंड केलं, आणि आत बसलेल्यालाही ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“पाहुणा न्हाई. लांडगा!”