परतीची तारीख

"मामा, मेसेज गेले."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

निशाच्या फोनवर एकेका नावापुढे खूण उमटत चालली होती. दुपारभर झोळीतल्या लेकीला पायाने झोका देत तिने सासऱ्यांची, नागनाथांची पुस्तकं ॲपमध्ये भरली होती. आधी कपाटातली. मग बाहेर गेलेली. ती नागनाथ आठवून आठवून सांगत होते, कुठलं कोणाकडे आणि त्याचा फोन नंबर काय. परतीची तारीख टाकल्याशिवाय मात्र ॲप पुढे सरकेना. या घरात तशी तारीख कधी नव्हतीच. तिने सगळ्यांना आजचीच टाकून दिली, आणि ॲपने आपणहूनच मेसेज धाडले.

"काय गेलंय ते वाच."

निशाने हळू आवाजात वाचलं, "आपकी पुस्तक की अवधि समाप्त हो चुकी है. तुरंत लौटाएँ."

नागनाथ गुडघ्यावर हात टेकून उठले. "उधन्यात राहायला आल्यापासून मी कोणाकडे पुस्तक परत मागितलं नाही, निशा. मागितलं की माणूस तोंड चुकवतो. मग दुसरं न्यायलाही येत नाही."

"चुकलं माझं. पुन्हा मेसेज करते, की—"

"मेसेज नको आता. मीच दारोदार जातो."

एका पायात चप्पल गेली, तोच जिन्यावर पावलं वाजली.

समोरच्या खोलीतला रिक्षावाला दत्तू पुढे होता. "जयभीम काका! आख्खी गल्लीले नोटीस उनी ना! माले वाटनं, बँकनी शे."

त्याच्यामागे कुसुम, पोटाशी जाडजूड डिक्शनरी धरून. "घ्या काका. हिच्यावरच माझी गायत्री नर्सिंगला पास झाली."

तिच्यामागे आणखी माणसं. निशा दाराची चौकट धरून बघतच राहिली. जिना खालपर्यंत भरला होता. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या केसांत पॉवरलूमवरचा कापूस. एकीने पुस्तकाला साडीच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. कोणी रागावलेलं नव्हतं. दुपारी बोटाने टाईप केलेली नावं धापा टाकत तिच्या दारात उभी होती.

कुसुमने डिक्शनरी पुढे केली. नागनाथांचा हात काही पुढे होईना.

"वाचून झालं, कुसुम?"

कुसुमने पुस्तकाकडे पाहिलं. मग काकांच्या एका अनवाणी पायाकडे.

"नाही काका. थोडं राहिलंय."

"मग आणलंस कशाला? ने परत." त्यांनी जिन्यात मान वाकवली. "ज्यांचं वाचून झालंय, त्यांनी वर या. बाकीच्यांनी घरी न्या."

खालच्या कारखान्यातल्या लूमची खडखड तेवढी वर येत होती. वरच्या पायरीवर कोणी पाऊल टाकेना.

"मनं तं सुरूच व्हायनं नही," म्हणत दत्तू आधी वळला. हशा पिकला. आणि मग सगळा जिनाच उतरू लागला, पुस्तकं जशी आणली तशीच उराशी धरून.

निशा गॅलरीत आली. गल्लीच्या तोंडाशी यादीतला धर्मेंद्र सायकल दामटत येत होता. लांबच्या सचिन गावातल्या कारखान्यातून, थेट ड्यूटीवरूनच आला असावा. शर्ट पाठीला चिकटला होता आणि हँडलला पुस्तकाची पिशवी लटकत होती. उतरलेल्या माणसांनी त्याला मध्येच अडवलं. दत्तू त्याच्या कानाशी लागला.

धर्मेंद्रने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं, शर्टाच्या आत सरकवलं, वरून बटण लावलं. सायकल फिरवली. घंटी न वाजवता निघून गेला.

"आणखी कोणी आलं का गं?" आतून नागनाथांनी विचारलं.

"नाही, मामा," निशा म्हणाली. "कोणी नाही."