हंसांना दाखवायची माणसं

टेम्पोतून उतरवलेली हंसांची जोडी अंगणात उभी राहिली आणि छबूबाई दोन पावलं मागं सरली. केवढी ती धुडं! करडा रंग, गळ्याखाली लोंबती झोळी, आणि माना अशा ताठ की वस्तीचा सातबारा जणू त्यांच्याच नावावर. विलायती जात, आपल्याकडं औषधालासुद्धा सापडत नाही, असं सांगत सहादेव ती विकायला कर्जतहून पार कोपरगावच्या उसात येऊन पोचला होता. जोडीचे बावीस हजार.

"बावीस हजाराची पाखरं!" छबूबाई म्हणाली. "तेवढ्यात दुभत्या शेळ्या येत्याल."

"बिबट्या आल्यावर शेळ्या गाव जागं करत्यात का, आजी?" सहादेव हसला. "फाटकातून परकं पाऊल आत पडू द्या, मग बघा."

बघायला लांब जावं लागलं नाही. डेअरीचा माणूस दूध न्यायला फाटकातून आत आला मात्र, दोघं माना जमिनीसरशी ताणून असे किंचाळत धावले की बिचाऱ्यानं किटली तिथंच टाकली आणि बांधावर चढला. छबूबाईचा मुलगा करण पोट धरून हसला. त्याची बायको मोनिका कितीतरी दिवसांनी हसली. छबूबाईला हसू येईना.

बिबट्यानं मोत्या कुत्र्याला उचललं होतं ते ओट्यावरून. ज्या ओट्यावर नात ज्ञानू खेळायची, त्याच ओट्यावरून. तेव्हापासून मोनिका पोरीला कडेवरून खाली ठेवत नव्हती. दुसरं कुत्रं आणावं तर बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. म्हणून हंस. अंधार पडला की जाळीत कोंडायचे, त्यांच्या नुसत्या ओरडण्यानं वस्ती जागी.

"आत्या, पैशाचं काय घिऊन बसलात?" मोनिका म्हणाली. "उद्या पोरीला नेलं म्हंजी?"

पैशाचं काहीच नव्हतं हो. रोज दिवेलागणीला फाटकापासून ओट्यापर्यंत करकरत्या वहाणा वाजायच्या. भागुजीच्या, तिच्या नवऱ्याच्या. माणूस गेला, दहाव्याला कावळा झटकन शिवला, वर्षश्राद्धही झालं. तरी पावलं यायची थांबली नाहीत. उजवं पाऊल पडायचं, डावं घासत यायचं. ट्रॉलीखाली सापडून अधू झालेला पाय तो. मोत्या त्या वेळी भुंकायचा नाही, शेपूट हलवायचा. मोनिका म्हणायची, निंबाची फांदी पत्र्याला घासती. बापाला गोंगाट खपत नसे, म्हणून त्याच्या हयातीत वहाणा वाजल्या की करण टीव्हीचा आवाज बारीक करायचा. आता दिवेलागणीला टीव्ही मुद्दाम मोठ्यानं लागायचा.

आणि ही धुडं आता त्याच्या अंगावर धावून जाणार. त्याच्याच दारातून त्याला हाकलणार. जित्या माणसाला सांगता येतं, जरा थांबा, बांधते. मेलेल्याला कसं सांगायचं? त्यातून माणूस भारी मानी. एकदा शब्द लागला म्हणून भरल्या ताटावरून उठला होता, तर दोन दिवस घरातलं पाणी प्यायला नव्हता. हाकलला गेला की परत फिरकायचा नाही. छबूबाईला रडू कोसळेल असं वाटलं.

"घरची मान्सं आजच दावून ठिवा," सहादेव सांगत होता. "हातावर बाजरी घ्यायची आन फाटकापासनं चालत यायचं. रोजच्या चालीनं बरं का. पाऊल एकदा कानात बसलं की जल्मात इसरत न्हाईत."

"आन एखादं दावायचं ऱ्हायलं तर?"

"मग ते घरचं न्हाई, आजी."

छबूबाईनं उन्हाकडं बघितलं. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. मग तिनं मोनिकेच्या कडेवरच्या ज्ञानूकडं बघितलं.

"घ्या जोडी," ती म्हणाली.

करण फाटकापासून चालत आला. मोनिका ज्ञानूचं बोट धरून चालत आली. छबूबाईही आली. हंसांनी फिस्कारत का होईना, सगळ्यांच्या हातची बाजरी खाल्ली.

"झाली समदी?" सहादेवनं विचारलं.

"झाली की," करण म्हणाला.

टेम्पो गेला. मोनिका चुलीपाशी बसली. करणनं आत जाऊन टीव्ही लावला, मोठ्यानं.

छबूबाई सरपणामागं गेली. तेराव्याला वहाणा दान द्यायच्या असतात. तिनं कोऱ्या आणून दिल्या होत्या आणि त्याच्या ह्या इथं लपवल्या होत्या. फडक्यातून काढून तिनं त्या पायात घातल्या. मोठ्या होत होत्या. ओंजळभर बाजरी घेऊन ती फाटकाबाहेर गेली आणि आत वळली.

उजवं पाऊल टाकलं. डावं घासत आणलं. करर.

हंसांनी माना ताणल्या आणि ते किंचाळले. ती बोलली नाही. आपला आवाज मध्ये यायला नको होता. फिरून फाटकापाशी गेली, फिरून तशीच आली. वहाणा तिच्याच पायात वाजत होत्या, तरी आवाज मागून येतोय असं तिला वाटत होतं. मागं वळून बघायचा धीर झाला नाही. डोळे गळत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी हंस जवळ आले आणि तिच्या ओंजळीतली बाजरी टिपू लागले.

अंधारून आलं होतं. ती आणखी एकदा फाटकापासून निघाली, उजवा टाकत, डावा घासत. हंसांनी नुसत्या माना वर केल्या. ते ओरडले नाहीत.

तिनं ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि आत टीव्हीचा आवाज बारीक झाला.