भट्टीसमोरची खुर्ची

मावशीने पान्याने गठ्ठ्यावर दोनदा ठोकलं, कान लावला आणि खडू पुन्हा कमरेला खोचला.

"हा नाही जाणार."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. "अहो मावशी, भट्टी तापून बसलीय! सकाळपासून तिसरा गठ्ठा अडवलात."

"पहिला. उगाच वाढवून सांगू नका. आत बंद नळकांडं आहे. ही बघा त्याची मान."

चेपलेले पत्रे, तारा, सायकलींचे सांगाडे यांच्या त्या चौकोनी गठ्ठ्यातून चार बोटं पितळी झडप डोकावत होती. समुद्रापलीकडचा माल. तिकडच्यांना नको झालेलं सगळं दाबून-चेपून इकडे वितळायला यायचं. मावशीचं काम एवढंच, गठ्ठा बघायचा, ठोकायचा आणि ठीक असेल तर त्यावर खडूने बरोबरची खूण करायची. ती खूण दिसल्याशिवाय क्रेनवाला लोहचुंबक खाली सोडत नसे.

मॅनेजरने एक कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "पाठवणाऱ्याचा दाखला आहे. सही, शिक्का, सगळं. 'बंद भांडं एकही नाही.' वाचा!"

"मग हा कागद टाका भट्टीत. माझी काही ना नाही."

वर केबिनमध्ये क्रेनवाला फिस्सकन हसला. मॅनेजरचा चेहरा लालबुंद झाला.

अशा नळकांड्यात घोटभर पाणी राहिलेलं असलं तरी पुरतं. वितळलेल्या लोखंडात त्याची क्षणात वाफ होते आणि अख्खी भट्टी अंगावर येते. भट्टीच्या तोंडाशी आत्ता चौघं उभे होते. त्यातला एक तिचा जावई. मेला आळशी होता, सासूला उलट बोलायचा, पण लेकीचा जीव होता त्याच्यावर. आणि बाकीचे तिघं काय, आभाळातून पडले होते?

"नळकांड्याला भोक पाडून ते रिकामं करणारा उद्या कामावर येतोय," मावशी म्हणाली. "उद्या घाला."

"उद्याबिद्या काही नाही!" मॅनेजरने बाजूच्या टेबलावरचा दुसरा खडू उचलला आणि गठ्ठ्यावर हातभर खूण ओढली. "झालं समाधान? आता जबाबदारी माझी."

मावशी तरातरा ऑफिसात गेली. बाहेर आली ती मॅनेजरची गुबगुबीत खुर्ची ढकलतच. खुर्चीची चाकं खिळ्या-तुकड्यांत अडकत होती. ती लाथ घालून सोडवत होती. थेट भट्टीच्या तोंडाशी नेऊन तिने खुर्ची उभी केली.

"अहो आई, हे काय चाललंय?" जावई ओरडला.

"तू गप. या तिघांना घे आणि भिंतीपलीकडे हो."

मग तिने पदराने खुर्चीची गादी झटकली आणि मॅनेजरकडे वळली. "या, साहेब. बसा. जबाबदारी तुमची ना? गठ्ठा आत जाऊन वितळेपर्यंत उठायचं नाही. मी उभी आहे तुमच्या शेजारी."

"हा काय पोरखेळ लावलाय? आत्ताच्या आत्ता कामावरून काढीन!"

"काढा की. आधी बसा."

मॅनेजर जागचा हलला नाही. क्रेनवाल्याने केबिनमधून मान बाहेर काढली. "साहेब, तुम्ही बसलात की लगेच उचलतो बघा."

भिंतीपलीकडून चार डोकी वर आली होती. धगीने खुर्चीचं रेक्झिन आक्रसायला लागलं, त्याचा वास आवारभर पसरला. मॅनेजरने खुर्चीकडे पाहिलं. मग गठ्ठ्यातल्या त्या पितळी झडपेकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि खडूची खूण पुसायला घेतली. खूण मोठी होती, एका फटक्यात जाईना. तो गुडघ्यांवर बसला, रुमालाला थुंकी लावली आणि पुन्हा घासायला लागला.

मावशी येऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"खाली शेपूट राहिलंय, साहेब," ती म्हणाली. "तेही पुसा."